गाळून घेतलेलं वारं

अण्णा मगदूम कुणाच्याही घरी गेले की यजमानांच्या आधी फ्रीजला भेटत. हाताची उलटी बाजू फ्रीजच्या दाराच्या कडेनं वरून खाली फिरवत, मध्येच थांबत, डोळे मिटत आणि मग निकाल देत, "रबर गेलंय. हितनं थंडी गळती." त्यानंतर चहा, पाणी, तब्येतीची चौकशी. आमच्या इमारतीत नव्यानं आलेल्या एका सुनेला हे ठाऊक नव्हतं. पाहुण्यांना फ्रीजमधलं काहीतरी हवंय असं समजून तिनं लगबगीनं दार उघडून धरलं. अण्णांचा चेहरा असा झाला की जणू तिनं पाळण्यातलं मूल खिडकीबाहेर धरलंय. "लाव, पोरी, लाव. आदी ठरवायचं काय पायजे, मग दार उघडायचं."

अण्णांची सगळी नोकरी एका दूध संघाच्या शीतगृहात गेली. तिथं ते शेवटी प्रमुख झाले. निवृत्त झाल्यावर आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले, ते ही नोकरी बरोबर घेऊनच. इमारतीचं फाटक, पार्किंगचं शटर, गच्चीचं दार, कुठलंही दार उघडं दिसलं की खालून आवाज यायचा, "दार!" नुसता एक शब्द. पोस्टमनसुद्धा शिकला होता. "थंडी पैशानं येती आणि दारानं जाती," हे त्यांचं वाक्य आमच्या इमारतीत पाळण्यातल्या पोरांनाही पाठ होतं. उन्हाळ्यात ते दुपारी घराची सगळी दारं-खिडक्या गच्च लावून बसत आणि बाहेरून आलेल्या माणसाला म्हणत, "बघा, केवढं गार हाय." आत चांगलं उकडत असायचं. पण सांगणार कोण? सांगायला गेलं की हाताची उलटी बाजू आपल्या कपाळाला लागायची आणि आपल्यालाच ताप आहे असं ठरायचं.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, मात्र सांगत. रोज सांगत. अक्कांचं माहेर पार सीमेपलीकडचं, त्यामुळं बोलायला लागल्या की मराठीत सुरू होऊन रागाच्या जागी कानडीत शिरत आणि अर्थ लावायचं काम ऐकणाऱ्यावर टाकत. घर जैन, सगळं रीतीनं चालायचं. दिवस मावळायच्या आत जेवण, नळाला पांढऱ्या कापडाचं गाळणं, मुंगी दिसली तर तिला कागदावर घेऊन बागेत सोडायचं. सोडायचं काम अण्णांचं. भारी अंगाचा तो माणूस कागदावर मुंगी घेऊन जिना उतरताना मी कितीदा तरी पाहिलाय. "सरका, सरका," असं वाटेत येणाऱ्यांना सांगत.

या माणसानं गेम खेळायचा कॉम्प्युटर घेतला तो नातीसाठी. मुलगी बंगळुरूला, तिची पोरगी सान्वी सहावीत. फोनवर आजोबा-नातीचं बोलणं चहात बिस्किट बुडवेपर्यंत संपायचं. जेवलीस? जेवले. अभ्यास? केला. अक्काला दे. अण्णांना ते लागायचं. फोन ठेवल्यावर उगीच उठून फ्रीजचं दार तपासत. मग एका दिवाळीच्या सुट्टीत सान्वीनं बापाच्या लॅपटॉपवर लॉरी चालवायचा गेम दाखवला. अण्णा बराच वेळ बघत बसले आणि विचारलं, "टँकर हाय का ह्यात?"

होता. स्टीलचा, चकचकीत, मागं नळ असलेला. अण्णांच्या दृष्टीनं तो दुधाचाच होता. सान्वी बंगळुरूतून चालवणार, अण्णा इथं कोल्हापुरातून, आणि दोघं एकाच रस्त्यावर. अण्णांनी मला गाठलं. माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान, दिवसभर मी कॉम्प्युटरपुढं असते, आणि वर इमारतीची सेक्रेटरी, म्हणजे असल्या कामांना मीच. "वैनी, चला. तुमाला त्यातलं कळतंय."

दुकानातला पोरगा चुणचुणीत होता. त्यानं सगळं दाखवलं. लाल-निळे दिवे लागणारं कॅबिनेट, प्रोसेसर, त्याच्यावर बसणारा मोठा पंखा. अण्णांनी एकच विचारलं, "ह्यो किती टेंपरेचरला चालतोय?"

"खेळताना सत्तर-ऐंशीपर्यंत चालतंय, काका."

अण्णा खुर्चीवरून उठले. "बहात्तरला आमी दूध पाश्चर करतो. त्यातलं जंतू मरत्यात. आणि तू म्हनतोस चालतंय?"

"काका, ह्यात जंतू न्हाईत."

"डोकं हाय न्हवं त्यात?" अण्णा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "बघितलंसा, वैनी? ऐंशीचा ताप आलेलं डोकं विकतोय ह्यो."

तरी घेतला. घरी आणला, पाट मांडून त्यावर ठेवला, अक्कांनी हळद-कुंकू लावलं. आणि तिसऱ्या दिवशी मी खाली गेले तर कॅबिनेट दिसेना. त्या जागी थर्मोकोलचं एक पांढरं खोकं होतं. अण्णांनी दोन्ही बाजू, पाठ आणि वरचं छप्पर जाड थर्मोकोलनं मढवून वर तपकिरी चिकटपट्टी मारली होती. पुढचं तोंड तेवढं उघडं.

"हे काय?"

"कोल्ड रूम," अण्णा म्हणाले. "पुढनं गार वारं आत. बाकी समदं बंद. उन्हाळा आत शिरायला जागाच न्हाय."

मी म्हटलं, अण्णा, मागून गरम हवा बाहेर पडते, ती जागा तुम्ही बुजवली. ते माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले, जशी मी लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाचं नाव चुकवल्यावर त्याची आई बघते. "वैनी, तुमी छापाईतल्या. माझी हयात गेली ह्यात." मी विषय सोडला. ज्याची हयात गेलेली असते त्याच्याशी वाद घालून मला कधी यश आलेलं नाही.

थंडीचे दिवस होते, त्यामुळं काही काळ निभावलं. रविवारी अण्णा-अक्का जेवण उरकत, दिवस मावळे, आणि दिवेलागणीला दोन टँकर निघत, सान्वीचा आवाज कॉम्प्युटरच्या स्पीकरवर. सान्वी भन्नाट चालवायची. अण्णा प्रत्येक सिग्नलला थांबत, रस्ता मोकळा असला तरी. त्यांच्या मागं लॉऱ्यांची रांग लागे. "सान्वी, आस्ते. दूध हिंदकळतंय." "अज्जा, यात दूध नाहीये, डिझेल आहे. बघ, लिहिलंय." "लिवणाऱ्यानं चुकीचं लिवलंय." सान्वी शाळेतलं, मैत्रिणींचं, आईनं मारल्याचं सगळं त्या रस्त्यावर सांगायची. तोंड रस्त्याकडं असलं की पोरं बोलतात, हे अण्णांना आपोआप सापडलं होतं. फोनवर जे एका बिस्किटात संपायचं ते आता मुक्कामापर्यंत चालायचं.

पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत राहील अशी सोय अण्णांनी माझ्याकडून करून घेतली होती. ते रस्ता कमी आणि तो आकडा जास्त बघत. तरी एकही अपघात नाही, कारण वेगच नव्हता.

फाल्गुन लागला आणि गाडी घाटात बंद पडू लागली. गेममधली नव्हे, खरी, म्हणजे कॉम्प्युटरच. आकडा चढत चढत शंभराच्या घरात जाई आणि कॉम्प्युटर गप्पकन मान टाके. पडदा काळा. सान्वी तिकडं एकटीच घाटात. पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा तिनं अक्कांच्या फोनवर विचारलं, "अज्जा, मी पुढं गेले म्हणून बंद केलंस ना?" अण्णा शपथा घ्यायला लागले. तिसऱ्यांदा तिनं फोनच केला नाही. मुलीचा निरोप आला. सान्वीच्या वर्गातल्या पोरांचा दुसऱ्या कुठल्या गेममध्ये गट आहे, ते रविवारी बोलावतात. एवढे दिवस ती अज्जासाठी नाही म्हणत होती. आता आणखी एकदा बघेल. मशीन परत झोपलं तर ती त्यांच्यात जाईल.

अण्णा दोन दिवस कुणाच्या फ्रीजला हात लावायला गेले नाहीत. इमारतीत चिंता पसरली.

उपाय सुचवायला सगळे आले. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी सांगितलं, कॉम्प्युटर सरळ फ्रीजमध्ये ठेवा. अण्णांना त्याही अवस्थेत हसू आलं. "घाम सुटंल त्याला. पानी आनि करंट एका ताटात जेवत्यात व्हय?" तिथं मात्र त्यांची हयात खरी होती. मग त्यांनी ऐकलं की प्रोसेसर आणि पंख्याच्या मध्ये एक मलम असतं, ते वाळलं की ताप उतरत नाही. नवीन मलमाची नळी आणली. त्याला ते लोणी म्हणत. दुकानातल्या पोरानं फोनवर सांगितलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं लावा. मी जाईपर्यंत अण्णांनी अर्धी नळी थापली होती.

"तांदळाच्या दाण्याएवढं म्हणाला होता ना?"

"कुठला तांदूळ ते बोलला न्हाय. शिवाय हात आखडून कुनाचं भलं झालंय?"

मी चिंधी घेऊन पुसून काढलं आणि थेंबभर लावून दिलं. फरक पडला, पण थोडाच.

खरा घाव घातला अक्कांनी. भाकऱ्या करत होत्या. तव्यावरची भाकरी उचलून त्यांनी स्टीलच्या डब्यात टाकली, झाकण दाबून लावलं आणि डबा अण्णांच्या पुढ्यात आणून ठेवला. आम्ही दोघं खोक्यापुढं बसलो होतो. थोड्या वेळानं त्यांनीच झाकण काढलं. झाकणाला आतून पाणी सुटलेलं, भाकरी लिबलिबीत.

"का असं झालं?" अक्कांनी विचारलं.

"ऊन ऊन भाकरी झाकली म्हनून."

"मग त्यो काय गार हाय?" अक्का खोक्याकडं बोट दाखवून म्हणाल्या. "तुमच्या खोलीत दूध आपनहून तापत नव्हतं. बाहेरनं उनाची धग येत होती म्हनून दार लावायचं. ह्यो तर आतच चूल पेटवून बसलाय. चुलीला कोन कोंडतंय का?" पुढचं कानडीत होतं.

अण्णांनी ती भाकरी खाल्ली, लिबलिबीतच. संध्याकाळी मी खाली गेले तर थर्मोकोल जिन्याखाली रचलेलं आणि कॅबिनेट मोकळं. मी बघतेय हे बघून म्हणाले, "डिझाइन बदललं." चूक झाली हे वाक्य त्यांच्याकडून मी कधी ऐकलं नाही. डिझाइन मात्र बरंच बदलायचं.

पण आकडा अजूनही हवा तेवढा उतरेना. रविवार जवळ येत चालला. आता अक्का रोज टोमणे मारत, "चूल मोकळी केली तरी धूर का कोंडतोय?" मला आश्चर्य वाटत होतं. पंखे फिरत होते, मागून हवा येत होती, पण मरगळलेली. शेवटी मी अण्णांचीच पद्धत वापरली. हाताची उलटी बाजू पुढच्या जाळीपाशी धरली. हवा आत ओढली जातेय असं काही जाणवेना. पुढचं झाकण ओढून काढलं.

आत पांढरं स्वच्छ कापड. दुहेरी घडी, चारी बाजूंनी बारीक टाके घालून जाळीला असं ताणून शिवलेलं की कारखान्यातूनच तसं आलंय असं वाटावं. नळाला बांधतात ते गाळणं.

अण्णांनी अक्कांकडं बघितलं. अक्का जराही कचरल्या नाहीत.

"दिवेलागनीला त्याचं लाल-निळं लागतंय. किडं येत्यात दिव्यावर. पंखा वढून घेतोय आत. जीव जात्यात. पानी गाळतो, तर वारं गाळायला काय झालं?"

आता अण्णांची खरी पंचाईत झाली. भाकरीपुढं शीतगृह हरलं होतं ते हरलं, पण इथं काय म्हणणार? कागदावरून मुंगी बागेत पोचवणारा माणूस. कापड काढा म्हणावं तर चिलटांचा जीव, ठेवा म्हणावं तर रविवार. त्यांनी ते गाळणं बोटांत धरून चाचपलं. मग हळूच म्हणाले, "अगं, तुजं खरं हाय. पन ह्याला बी श्वास पायजे." मी पहिल्यांदाच त्यांना बायकोला खरं हाय म्हणताना ऐकत होते. मला वाटतं अक्काही पहिल्यांदाच ऐकत होत्या, कारण त्या एकदम नरमल्या.

"दिवं मालवता येत्यात का त्याचं?" त्यांनी मला विचारलं.

येत होते. मला सुरुवातीपासूनच ते दिवे आवडले नव्हते.

"मग मालवा. आनि दिवस मावळायच्या आत खेळा. जेवतो तसं."

एवढं सोपं होतं. उजेडी खेळायचं, किडं यायच्या आत आवरायचं. जाळीवर कापडाच्या जागी मच्छरदाणीचा एक पदर लावला, धूळ अडायला. सान्वीला निरोप गेला, रविवारी दुपारी चार. तिनं आईच्या फोनवरून कळवलं, वर्गातल्या पोरांचा गट चारलाही खेळतो, पण या वेळी येते. या वेळी, हे शब्द अण्णांनी मला दोनदा वाचायला लावले.

चैत्रातली दुपार होती. मी मुद्दाम गेले, कारण काही तुटलं-फुटलं तर निस्तरायला माणूस हवं. अण्णांनी सवयीप्रमाणं सगळी दारं-खिडक्या लावून पडदे ओढले होते. टँकर निघाले. सान्वी कमी बोलत होती. कोपऱ्यातला आकडा सत्तर. मोकळ्या रस्त्यावर पंचाहत्तर. अक्का शेजारी बसून आकडे मोठ्यानं वाचत होत्या, हौजीत वाचतात तसे.

"ब्याऐंशी."

"वाचू नगंस."

"डोळं तुमचं रस्त्यावर ठेवा, आकडा मी बघती. पंच्याऐंशी."

घाट सुरू झाला. कॅबिनेटच्या मागं मी हात धरला, भट्टीसारखी झळ येत होती, आणि ती झळ त्या बंद खोलीत फिरून पुन्हा पुढच्या तोंडानं आत जात होती. आता कोंडलेलं कॅबिनेट नव्हतं, खोली होती. पण छापाईतल्या बाईचं एकदा सांगून झालं होतं.

"नव्वद," अक्का म्हणाल्या. आवाजातली गंमत गेली होती. "ब्याण्णव."

"अज्जा, येतोयस ना मागं?" सान्वीनं विचारलं.

अण्णांनी घाम पुसला. नजर रस्त्यावर, दोन्ही हात कळफलकावर. मग एकदम ओरडले, "दार उघडा."

अक्कांना ऐकू आलं नसावं असं वाटलं. त्या तशाच बसून राहिल्या.

"दार उघडा म्हनतोय. समदी. खिडक्या बी. वैनी, मागचं बी उघडा."

मी पुढचं उघडलं, मागचं उघडलं. अक्का खिडक्यांचे अडसर काढत सुटल्या. समोरच्या घरातली बाई काय झालं म्हणून बाहेर आली. जिन्यात दोघंतिघं थांबले. अण्णा मगदूमांच्या घराची सगळी दारं सताड उघडी, हे दृश्य कुणी पाहिलेलं नव्हतं. मागच्या बोळातनं वारा आला, पुढच्या दारानं गेला. कॅलेंडरची पानं फडफडली.

"ब्याण्णव," अक्का म्हणाल्या. "ब्याण्णवच. नव्वद. अठ्ठ्याऐंशी."

टँकर घाट उतरला. शेवटच्या सिग्नलला अण्णा थांबले, पिवळा होता तरी. मग सावकाश डेअरीच्या, म्हणजे कुठल्याशा डिझेल डेपोच्या, आवारात गाडी नेऊन लावली. सान्वी पुढं येऊन थांबली होती.

"अज्जा, पोचलास की."

"मग काय."

"पुढच्या रविवारी चारला?"

अण्णा तिला म्हणाले, बघतो, कामं हायत. खेळ बंद केल्यावर मला म्हणाले, "खोलीचं डिझाइन बदलाय पायजे, वैनी. वारं आरपार पायजे." आणि त्या दिवसापासून हेच त्यांचं नवं शास्त्र झालं. कुणाच्याही घरी गेले की फ्रीजची रबरं तपासून झाल्यावर खिडक्या उघडत सुटायचे.

टँकर वर्षभर चालले. मग सान्वी आठवीत गेली आणि तिला लॉऱ्यांचा कंटाळा आला. ती गटात गेली, पण जाताना अज्जालाही घेऊन गेली. तो गेम बंदुकांचा. अक्कांनी बंदूक बघून आधी साफ नाही म्हटलं. अण्णांनी तोड काढली, बंदूक खांद्याला असू दे, चाप ओढायचा नाही. मग करायचं काय? पोरांनीच शोधून काढलं. अज्जा औषधाच्या पेट्या वाहणार. कुणी जखमी झालं की अज्जा पळत, म्हणजे चालत, जाऊन मलमपट्टी करणार. बंगळुरूतली चार-पाच पोरं त्यांना अज्जा म्हणायला लागली. अण्णा त्यांना कानडीत विचारत, जेवलात का, आणि समोरच्या गटातल्यांनाही विचारत. मध्ये एकदा त्यांनी शत्रूला पट्टी बांधली म्हणून केवढा दंगा झाला. "रगत निघत होतं त्याचं," एवढंच अण्णांचं उत्तर.

अण्णा गेले ते श्रावणात. हृदयाचं निमित्त, दवाखान्यात एक रात्र. अक्का आता मुलीकडं असतात.

मला ते शेवटचे दिसले त्याच्या आदल्या रविवारी. पाण्याची टाकी धुणार असल्याची नोटीस द्यायला मी दुपारी खाली गेले होते. बाहेर पाऊस होता. अण्णांनी डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीवरनं हेडफोन चढवला होता, त्यामुळं टोपीला दोन्हीकडून चिमटा बसून ती उभी राहिली होती. पडद्यावर पोरं भिंतीआड पळत होती आणि अण्णांचा गडी औषधाची पेटी घेऊन मोकळ्या मैदानातून सरळ चालला होता, आडोसा न घेता, दम न टाकता. मी नोटीस टेबलावर ठेवली. तेवढ्यात तो गडी आडवा झाला. पडदा करडा पडला. कानात पोरं ओरडत असावीत, कारण अण्णा हसत होते.

"मेलो व्हय मी? बरं, बरं," ते म्हणाले आणि खुर्चीत मागं रेलले. "तुमी खेळा. मी बघत बसतो."